बोतानची ओल आणि इत्सुएची अट

अर्ध्या खोलीत चहाचा चोथा पसरलेला होता, अर्धी खोली कोरडीच होती आणि झाडू मधोमध आडवा पडला होता. इत्सुए मुनेमासाच्या घरात झाडू असा पडलेला मी आमच्या गल्लीत सून म्हणून आले तेव्हापासून पाहिला नव्हता. सकाळच्या चहाचा चोथा पिळून तातामीच्या चटईवर टाकायचा आणि लव्हाळ्याच्या विणीच्या दिशेनं झाडत न्यायचा, म्हणजे धूळ त्याला चिकटून येते आणि चटईला वास राहत नाही. हे काम एकदा हातात घेतलं की ती मधे फोनसुद्धा उचलत नाही. मी गेले होते ते मठातल्या, आमच्या पंथाच्या संस्थापकांच्या पुण्यतिथीच्या जेवणाला मुळे सोलायला ती येणार का, एवढं विचारायला. ती गुडघ्यांवर बसून इतकी वाकली होती की नाक चटईला टेकलं होतं.

"ये. वास घे," ती म्हणाली. या-बसा काही नाही.

मी म्हटलं, दिसतोय डाग. ताटाएवढा, कडेनं गडद, अजून ओला. कोपऱ्यात बोतान पोटावर पसरली होती. आखूड पायांची, तांबूस-पांढरी कॉर्गी कुत्री, शेपटीच्या जागी नुसता गोंडा. आपल्याविषयी बोलणं चाललंय हे तिला कळत होतं, कारण कान मागे पडले होते आणि डोळे वर न करता ती बघत होती.

"ही चटईवर मुतत नाही, माझ्या तोंडावर मुतते," इत्सुए म्हणाली. "आणि हिला शिकवणारी माझ्याच चुलीवर भात शिजवतेय."

आत भांडं आपटलं. सून चिनात्सु स्वयंपाकघरात होती. त्या घरात भिंती कागदाच्या आहेत आणि बोलणं भिंतीपलीकडे जावं म्हणूनच बोललं जातं.

इत्सुए मला आवडते असं मी लिहिणार नाही. रोज सकाळी अमिदाबुद्धापुढे दिवा लावून बसते, मग खोटं कशाला. पण तिच्या कामाला खोट नाही, हेही तितकंच खरं. ती समोरच्या बेटावरची, संत्र्यांच्या बागांतली मुलगी. लग्न होऊन बोटीनं आमच्या गावी, ताकेहाराला आली ती तातामी बनवणाऱ्या तोकुजी मुनेमासाच्या घरात. नवरा सुई-दाभण धरणारा, अबोल. बाकीचं सगळं तिनं ओढलं. ओल्या लव्हाळ्याचे भारे, जुन्या चटया गिऱ्हाइकाच्या घरातून उचलून आणणं, नव्या नेऊन बसवणं, घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला दारातून वाटेला लावणं. चटईच्या कापडी काठावर पाय पडलेला तिला खपत नाही. ती स्वतः सून म्हणून आली त्या दिवशी तिचा पाय काठावर पडला आणि सासूनं मोजायच्या काठीनं घोट्यावर फटका दिला. ही गोष्ट ती तक्रार म्हणून सांगत नाही, प्रशस्तिपत्र दाखवावं तशी सांगते. मठाच्या गुरुजींनासुद्धा एका श्राद्धाला सगळ्यांदेखत म्हणाली होती, "गुरुजी, पाय." तेव्हापासून गुरुजी तिच्या घरात मान खाली घालून शिरतात. लोक म्हणतात, बुद्धापुढेही ते इतके वाकत नाहीत.

तिच्या तोंडी एक शब्द कायम असतो, शित्सुके. आमच्याकडे मुलाला लावलेलं वळण म्हणजे शित्सुके, आणि नव्या किमोनोला पक्क्या शिलाईआधी घातलेला कच्चा टाकाही शित्सुकेच. कच्चा टाका सरळ तर पुढची शिलाई सरळ. इत्सुए माणसं या एकाच शब्दावर तोलते. गिऱ्हाईक उंबऱ्यात चपला वाकड्या काढतं: शित्सुके नाही. टपालवाला हाक न मारता पाकीट सरकवतो: शित्सुके नाही. आणि चिनात्सुला तर तिनं पहिल्याच नववर्षाला, ओठ न हलवता हसत, पाहुण्यांपुढे ऐकवलं होतं, "हिच्या आईनं कच्चा टाका घातला, पक्की शिलाई घालायची राहून गेली."

चिनात्सु हिरोशिमा शहरातली, मोठ्या दुकानात बूट विकायची. इत्सुएचा मुलगा ताकुमा मालवाहू बोटीवर इंजिनात काम करतो. लग्न करून तिला घरी आणलं आणि आपण समुद्रावर गेला. महिनेच्या महिने घरात तिघंच: न बोलणारा सासरा, फार बोलणारी सासू, आणि उत्तर गिळणारी सून. मूल झालं नाही. का झालं नाही याची इत्सुएकडे स्वतःची कारणं होती आणि ती गल्लीत सगळ्यांना माहीत होती. शेवटी चिनात्सुनं घरात काही मागितलं तर ते एकच, कुत्र्याचं पिल्लू.

इत्सुएनं होकार दिला, पण अट घालून. ती मला तोंडपाठ आहे, कारण माझ्या दारात उभी राहून तिनं ती दोनदा सांगितली होती. माजावर आलेली कुत्री रक्ताचे थेंब टाकत फिरते, आणि आमच्याकडे फरशी नाही, चटया आहेत. पहिला माज यायच्या आत ऑपरेशन करून तिचं सगळं काढून टाकायचं, नाहीतर पिल्लू उंबऱ्यावरूनच परत. चिनात्सु कबूल झाली. पिल्लू विकणाऱ्यानं शेपूट आधीच छाटलेली होती, या जातीची तशीच शोभते म्हणे. उरलेलं काम दवाखान्यात झालं. रक्ताचा एक थेंब त्या घरात कधी पडला नाही. इत्सुए याचा उल्लेख आपल्या दूरदृष्टीचा नमुना म्हणून करायची.

आणि कुत्री गुणी निघाली. बाहेर जायचं असलं की दाराशी जाऊन एकदाच भुंकायची. काठावर पाय न देता चालायची असं तोकुजी म्हणायचा, पण तो बोतानच्या बाबतीत काहीही म्हणायचा. चाळीस वर्षं बायकोशी न बोललेला माणूस कुत्रीशी बोलायला लागला. काम करता करता भाजलेलं रताळं अर्धं आपण खायचा, अर्धं तिला. आमटीत कालवलेला भात, माशाची कातडी, चहाबरोबरची तांदळाची बिस्किटं. कुत्री ठोकळ्यासारखी झाली. मागून पाहिलं तर पाव टेबलावरून चालत निघालाय असं वाटायचं.

मग ओल सुरू झाली. आधी पुसटशी, चहा सांडला असेल असं वाटण्यासारखी. मग थाळी, मग ताट. कारणं ज्याची त्याची होती. आमच्या महिला मंडळातली एक म्हणाली, ताकुमा बोटीवर गेला म्हणून कुत्री रुसलीय. दुसरीनं कुठल्याशा देवस्थानचा ताईत सुचवला. आमच्या पंथात ताईत-तोडगे चालत नाहीत, तेव्हा तो विषय तिथेच मिटला. गल्लीच्या वळणावरच्या घरानं पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या भिंतीशी ओळीनं मांडल्या. कुत्री तिथे मुतत नाहीत असा समज आहे. बोतान कधी त्या भिंतीकडे गेलीच नव्हती. त्या बाटल्या कुत्रीला नव्हे, इत्सुएला दिसाव्यात म्हणून होत्या, आणि तिला त्या दिसत होत्या.

चिनात्सुनं जे कारण दिलं त्यानं आगीत तेल पडलं. कुत्र्यांना आनंद झाला की थोडी शू होते, ही हल्लीच्या पोरींच्या बोलण्यातली नेहमीची गोष्ट, तिच्यासाठी त्यांच्याकडे लाडाचा शब्दही आहे. चिनात्सु सासूला म्हणाली, तुम्हाला पाहून तिला आनंद होतो, आई, म्हणून होत असेल. समजूत काढायला म्हणाली असेल. पण त्या घरात कोणालाही पाहून कोणाला आनंद झाल्याला किती वर्षं लोटली होती हे इत्सुएला ठाऊक होतं. तिला ती थट्टा वाटली. त्या दिवसापासून ती सुनेशी थेट बोलेना. जे सांगायचं ते कुत्रीला सांगायची. "बोतान, तुझ्या मालकिणीला सांग, भात करपलाय."

चटईवाल्याच्या घरात पुढची खोली हेच दुकान असतं. गिऱ्हाईक येऊन बसतं, हात फिरवतं, नव्या लव्हाळ्याचा हिरवा वास घेतं. मी चोथा पाहिला त्याच दुपारी बंदराजवळच्या खाणावळीची मालकीण चटया निवडायला आली आणि नेमकी ओल झाकायला ठेवलेल्या कुशनवर बसली. उठली तेव्हा तिच्या राखाडी किमोनोला मागे डाग होता. ती काही बोलली नाही. आमच्याकडे न बोलणं हे बोलण्यापेक्षा लांब जातं. संध्याकाळपर्यंत मासळीवाल्यापाशी मला दोघींनी विचारलं, मुनेमासाकडे म्हातारा अंथरूण ओलं करायला लागलाय का.

इत्सुएनं बेटावर भावाला फोन लावला. हिरोमुच्या संत्र्याच्या बागेत रानडुकरं शिरतात, त्याला भुंकणारं कुत्रं हवंच होतं. रविवारी येऊन घेऊन जा, म्हणाली. दोरी तूच आण.

कॉर्गीला डुकरांपुढे बांधायचं. मी ऐकलं तेव्हा माझ्या तोंडून अमिदाबुद्धाचं नामच निघालं.

चिनात्सु त्या संध्याकाळी पहिल्यांदा सासूच्या समोर बसली. मी तिथे नव्हते, पण तोकुजी होता आणि त्यानं, म्हणजे त्या अबोल माणसानं, मला दुसऱ्या दिवशी शब्दन् शब्द सांगितला. ती म्हणाली, बोतान ज्या बोटीनं जाईल त्याच बोटीनं मी माझी पेटी घेऊन जाईन. ताकुमा परत आला की तुम्हीच सांगा त्याला, घर का रिकामं आहे ते. आवाज चढवला नाही. इत्सुए म्हणाली, पेटी जड असेल तर हिरोमु उचलेल.

मग तोकुजीनं एवढंच विचारलं, दवाखान्यात नेऊन बघावं का.

चिनात्सुनं वेळ घेऊन ठेवलीच होती, गुरुवारची. तिला गाडी चालवता येत नाही आणि टॅक्सीवाले गळक्या कुत्रीला घेईनात. म्हणून मी नेते म्हणाले. गाडी दारात लावली तर इत्सुए बाहेर येऊन मागच्या सीटवर बसली, मठात जायचा कोट घालून. मी आरशातून बघितलं. ती म्हणाली, "मीही येते. डॉक्टरच्या तोंडून ऐकायचंय मला. हिला वळण नाही हे शिकलेल्या माणसानं सांगितलं की झालं. मग कोणी रडायचं नाही." चिनात्सु पुढच्या सीटवर बोतानला मांडीत घेऊन बसली होती, खाली जाड टॉवेल. तिनं मागे वळून पाहिलं नाही. बोतान वाटभर खिडकीतून समुद्र बघत होती.

डॉक्टर नागोशी ही पन्नाशीची बाई, केस आखूड, हात मोठे. तिनं बोतानला काट्यावर ठेवलं आणि आकडा बघून ओठ मुडपले. मग चिनात्सुला प्रश्न विचारायला लागली. ओलं कधी सापडतं? झोपून उठल्यावर. जागी असताना बाहेर जायला मागते का? मागते, दाराशी भुंकते. चालता चालता थेंब पडतात? नाही. पाणी जास्त पिते? नाही. ओलं झाल्यावर काय करते? चाटत बसते, म्हणाली चिनात्सु, आणि मग त्या जागेपासून लांब जाऊन बसते.

लघवीचा नमुना घेतला, पोट दाबून पाहिलं. आम्ही बाकावर बसलो. शेजारी एक आजोबा मांजर घेऊन बसले होते. त्यांनी इत्सुएला विचारलं, तुमची का ही? "नाही," इत्सुए म्हणाली. "हिच्या मालकिणीची." आजोबांनी चिनात्सुकडे पाहिलं आणि मांजर जवळ ओढलं.

आत बोलावलं. साखर नाही, जंतू नाहीत, खडा नाही. डॉक्टर म्हणाली, लघवीची वाट मिटून धरणारा स्नायू सैल पडलाय. जागेपणी तो कसाबसा धरतो. झोपली, अंग सैल झालं, की सुटतो. तिला कळतसुद्धा नाही.

इत्सुए पुढे सरकली. तिनं वाट बघितलेला क्षण हा असावा. "म्हणजे वळण नाही, असंच ना?"

डॉक्टरनं तिच्याकडे नीट पाहिलं. "आजी, झोपलेल्याला कसलं वळण?"

इत्सुएचा चेहरा होता तसाच राहिला, फक्त कोटाचं वरचं बटण तिनं उगाच लावलं; ते आधीच लावलेलं होतं.

मग चिनात्सुनं विचारलं, हे होतं कशानं. डॉक्टर टेबलाशी टेकून सांगायला लागली. हे एका कारणानं होत नाही, म्हणाली, चार गोष्टी एकत्र येतात. ऑपरेशन झालेल्या माद्यांमध्ये हे दिसतं, कारण अंडाशय गेलं की त्या स्नायूला घट्ट ठेवणारं हार्मोन जातं. सगळ्यांना होत नाही, थोड्यांना होतं. काहींना लगेच, काहींना वर्षांनी. शेपूट छाटलेल्या कुत्र्यांत जास्त आढळतं असंही म्हणतात, तिथलेच स्नायू ना. वय वाढतं तसं वाढतं. मोठ्या अंगाच्या कुत्र्यांना जास्त होतं. "ही जात काही मोठी नाही," ती म्हणाली, "पण तुम्ही लोकांनी ती मोठी केलीय. चरबीचा भार लघवीच्या पिशवीवरच पडतो." मग कागद चाळत विचारलं, "ऑपरेशन किती लवकर केलं होतं?"

चिनात्सुनं सांगितलं, पहिल्या माजाच्या आधी.

डॉक्टरनं मान हलवली. त्यावर एकमत नाही, म्हणाली. काही जणांना त्यानं धोका वाढतो असं आढळलं, काहींना तसं आढळलं नाही. इतकी घाई कोणी सांगितली होती, दवाखान्यानं?

टेबलावर बोतानच्या पाठीवर चिनात्सुचा हात होता आणि तो थांबला होता. मला वाटलं ती सोडून देईल. ती नेहमी सोडून द्यायची.

"अट होती," ती म्हणाली. मग सासूकडे तोंड करून, "तुमची, आई. चटयांना रक्त लागू नये म्हणून."

इत्सुएनं लगेच उत्तर दिलं, जणू ते तोंडात तयारच होतं. "अट होती म्हणून कुत्रं घरात आलं. अट नसती तर आलंच नसतं."

डॉक्टर दोघींच्या मधे उभी होती. अशा सासवा-सुना तिनं प्राण्यांपेक्षा जास्त पाहिल्या असाव्यात. ऑपरेशन करायलाच नको होतं असं मी म्हणत नाही, ती शांतपणे म्हणाली. न केलेल्या कुत्र्यांच्या गर्भाशयात पू होतो आणि त्या माझ्या याच टेबलावर येतात, रात्री-अपरात्री. हिला गोळ्या देते, बऱ्याच जणींना गुण येतो. वजन उतरवा. वजन उतरलं नाही तर नुसत्या गोळ्यांवर भिस्त ठेवू नका. आणि झोपायची जागा कोरडी ठेवा, नाहीतर कातडी सोलेल.

"आणि बाहेर बांधली तर?" इत्सुएनं विचारलं. "बागेत. मोकळ्या हवेत."

"थंडीत, ओल्या अंगानं?" डॉक्टर म्हणाली. "मग गोळ्यांचा खर्च वाचेल तुमचा."

एवढं लागेल असं बोलून तिनं पुढच्या मांजरवाल्या आजोबांना हाक मारली.

परत येताना बोतान चिनात्सुच्या मांडीत झोपली आणि टॉवेल भिजला. वास गाडीभर झाला. मी काच खाली केली. इत्सुए मागून म्हणाली, काच वर कर, कुत्रं आजारी आहे. हे ती सुनेला म्हणाली नाही, मला म्हणाली, आणि रागानंच म्हणाली.

शुक्रवार-शनिवार त्या घरातून आवाज आला नाही. आला तो तोकुजीचा. शनिवारी दुपारी इत्सुएनं त्याच्या हातातलं रताळं काढून घेतलं आणि तो ओरडला. त्याच्या आवाजात काय असतं हे आम्ही गल्लीनं पहिल्यांदा ऐकलं. "तू तिला खायला घालतोस की भरतोस?" असं ती त्याला म्हणत होती. "ठोकळा केलास तिचा. डॉक्टरनं सगळ्यांसमोर ऐकवलं मला. तू नव्हतास तिथे, तू कधी कुठे असतोस?" चिनात्सुची पेटी मात्र दाराजवळ येऊन उभी राहिली होती, निळी, चाकांची. इत्सुए तिच्याभोवतून चोथा झाडत गेली. सरकव असंही म्हणाली नाही.

रविवारी सकाळच्या बोटीनं हिरोमु आला. उन्हानं रापलेला, मोठ्या आवाजाचा, खांद्यावर दोरीचं भेंडोळं आणि हातात संत्र्यांची पिशवी. मी माझ्या दारात सुकवायच्या पर्सिमन फळांची सालं काढत होते, मुद्दामच बाहेर बसून. चिनात्सु उंबऱ्यावर कोट घालून उभी होती, कुत्री कडेवर, पेटी पायाशी. इतकी गोरीमोरी झाली होती की मी सुरी खाली ठेवली.

हिरोमु हसला. "हेच का ते? डुकरं याला बघून हसतील. असू दे, भुंकलं तरी पुरे."

इत्सुए दोघांच्या मधे आली. अ‍ॅप्रनला हात पुसत होती, नुकतीच स्वयंपाकघरातून उठली होती.

"नेऊ नकोस," ती म्हणाली.

"अगं, बोटीचं तिकीट काढून आलोय."

"कुत्री आजारी आहे. आजारी माल मी माहेरी पाठवत नाही. उद्या मेली तर वहिनी सांगत सुटेल, इत्सुएनं गळकं कुत्रं गळ्यात मारलं."

हिरोमुला आधी थट्टा वाटली, मग राग आला. शहरात राहून बहीण कुत्र्याची दासी झाली, असं तो म्हणाला. सून डोक्यावर बसली, आता कुत्रं बसलं. आपल्या आईनं तुला हेच शिकवलं का. शेवटचा शब्दही त्यानं वापरला: शित्सुके.

मला वाटलं आता ती उसळेल. तिनं त्याच्या हातातली संत्र्यांची पिशवी घेतली, आत बघितलं आणि म्हणाली, "साल जाड आहे यंदाची. खत कमी पडलं. डुकरं काय खातात तुझ्याकडे, मला तर कोणी खाईल असं वाटत नाही." आणि पिशवी परत त्याच्या हातात दिली. त्याला जेवायला थांब म्हणाली नाही. तो दोरी घेऊन आला तसाच बंदराकडे गेला. जाताना वळणावरच्या बाटल्यांपैकी एकीला त्याची लाथ लागली आणि ती गडगडत उतारावरून गेली. मुद्दाम मारली की चुकून, सांगता येत नाही.

चिनात्सु अजून तशीच उभी होती. आभार मानायला तिचं तोंड उघडलं असावं, पण इत्सुएनं ते होऊ दिलं नाही. "तुझ्यासाठी नाही केलं," ती म्हणाली. कुत्रीला नाही, थेट सुनेला. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा. "जिंकलीस असं समजू नकोस. पुढच्या खोलीत ही झोपणार नाही. गोळी चुकली आणि चटई भिजली तर ती चटई तू उचलायचीस, तू धुवायचीस, तू वाळवायचीस."

"चटई धुता येत नाही, आई," चिनात्सु म्हणाली. "तुम्हीच सांगितलंय."

"मग चुकू देऊ नकोस."

चिनात्सुनं पेटी उचलली आणि आत नेली. आत जाताना पेटीचं चाक चटईच्या काठावरून गेलं. इत्सुएनं ते पाहिलं. दोघींनीही दुसरीनं पाहिलं हे पाहिलं. त्यावर काही बोलणं झालं नाही, एवढंच मी लिहून ठेवते.

आता महिना होत आला. गोळ्यांनी ओल कमी झाली आहे, गेली नाही. मागच्या लाकडी व्हरांड्यात रबरी कापडावर बोतानची गादी आहे. दोघी अजून भांडतात, पण आता भांडायला विषय आहे: चिनात्सु म्हणते भाताऐवजी दवाखान्यातलं खाणं द्या, इत्सुए म्हणते भोपळा उकडून द्या, आणि दोघी मिळून तोकुजीच्या खिशातली बिस्किटं तपासतात. तो माझ्या दाराशी येऊन रताळी लपवून ठेवायला मागतो. मी ठेवत नाही. मठातल्या जेवणाला मुळे सोलायला दोघी आल्या, वेगवेगळ्या टोकांना बसल्या, आणि कोणीतरी कुत्रीची चौकशी केली तेव्हा दोघींनी एकाच वेळी "अजून जाडच आहे" असं सांगितलं आणि एकमेकींवर नाराज झाल्या.

काट्यावर मात्र बोतानचं वजन उतरायला तयार नाही. घरात मोजून देतात, तरी नाही. काल चिनात्सु फिरवायला घेऊन गेली तेव्हा इत्सुए अंतर ठेवून मागे गेली, सुनेवर नजर ठेवायला. कारण तिला सापडलं. आज सकाळी मी कपडे वाळत घालत होते तेव्हा ती छत्री घेऊन बाहेर पडली, ओठ घट्ट मिटलेले. कुठे निघालात, विचारलं. उताराच्या तळाशी तोफूवाल्याकडे, म्हणाली, कुत्रीला तळलेल्या तोफूचे तुकडे घालू नकोस असं त्याला सांगायला.